फाळणीतून आलेल्या ज्येष्ठांच्या मुलाखती कशा घ्याव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वसाहतीत 1947-48 मध्ये सिंधमधून आलेली काही वयस्क माणसं अजून आहेत. पाच-सहा जणांच्या गटाला त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. अनुभव नाही, पैसे थोडे आहेत. सुरुवात कुठून करायची, काय विचारायचं, आणि पंचाहत्तरहून जास्त वर्षांपूर्वीच्या आठवणींवर कितपत विसंबायचं?

आधी वयाचा हिशेब करा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. 1947 साली दहा वर्षांचा असलेला माणूस 2025 मध्ये 88 वर्षांचा होतो. म्हणजे आज जे सांगू शकतात, ते बहुतेक सगळे तेव्हा लहान मुलं होते. घर सोडायचा निर्णय त्यांनी घेतला नव्हता, घराचा सौदा त्यांनी केला नव्हता आणि राजकारण त्यांना कळत नव्हतं. तरीही मुलाखत घेणारे बहुतेक वेळा पहिला प्रश्न टाकतात, ‘फाळणी का झाली असं तुम्हाला वाटतं?’ उत्तर मिळतं, पण ते नंतर वाचलेलं किंवा दूरचित्रवाणीवर ऐकलेलं असतं. आठ वर्षांच्या मुलाला जे दिसलं, ते विचारा: कोणाचा हात धरला होता, पायात काय होतं, भूक लागली तेव्हा काय मिळालं, बोटीवर कुठे झोपलात, आई कोणाशी बोलत नव्हती. अशा प्रश्नांना ती व्यक्ती खरोखर साक्षीदार असते.

दुसरी अडचण तयार गोष्टीची. जवळजवळ प्रत्येक ज्येष्ठाकडे आठ-दहा मिनिटांची एक घोटून बसलेली कहाणी असते. नातवंडांना सांगून, ऑगस्टमध्ये येणाऱ्या वार्ताहरांना सांगून तिच्या कडा झिजलेल्या असतात. ती खोटी नसते, पण काय सांगायचं आणि काय गाळायचं हे तिच्यात कधीच ठरून गेलेलं असतं. ती अडवू नका. पहिली पंधरा मिनिटं देऊन टाका आणि मध्ये एकही प्रश्न विचारू नका. ती संपल्यावर सांगणाऱ्याला वाटतं की मुलाखत झाली. खरं काम तिथून सुरू होतं, आणि ते पुढे नेण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे घराचा नकाशा.

ए-थ्री आकाराचा कागद आणि जाड टोकाचं पेन द्या आणि म्हणा, ‘घराच्या दारातून मी आत आलो तर मला काय दिसेल?’ हात थरथरत असेल तर तुम्ही काढा, ते सांगतील. पुरुषांच्या बैठकीची ओताक कुठे, अंगण कुठे, चूल कुठे, पाणी कोण भरायचं, हैदराबाद-सिंधचं घर असेल तर छपरावर वारा पकडणारा मंघ होता का, गच्चीवर कोण झोपायचं. घरातून गल्लीत या, गल्लीतून शाळेत. शेजारच्या दारावर कोणाचं नाव, त्यांच्याकडे खाणं-पिणं चालायचं का, कोणत्या सणाला कोण कोणाकडे जायचं. या अर्ध्या तासात तयार गोष्टीत नसलेली माणसं पहिल्यांदा बाहेर येतात: घरात काम करणारी बाई, मागे राहिलेली आजी, किल्ली ज्याच्या हातात दिली तो शेजारी. दंगल, बोट, छावणी यांचे प्रश्न त्या माणसांना धरून विचारा. ‘दंगल कशी होती?’ यापेक्षा ‘त्या रात्री आजी कुठे होत्या?’ याचं उत्तर कितीतरी जास्त सांगून जातं. नकाशावर तारीख आणि मुलाखतीचा क्रमांक घाला; तो कागद ध्वनिफितीइतकाच मोलाचा आहे.

तयारीबद्दल. पंजाबची, बंगालची आणि सिंधची फाळणी वेगवेगळी आहे, आणि एकीचे प्रश्न दुसरीला लावले की मुलाखत फसते. पंजाब आणि बंगाल हे प्रांत मधून तोडले गेले. सिंध तोडला गेला नाही, अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना सीमेच्या अलीकडे स्वतःच्या भाषेचा अर्धा प्रांतही उरला नाही. पंजाबातलं बहुतेक स्थलांतर ऑगस्ट ते नोव्हेंबर 1947 मध्ये, प्रचंड हिंसेत झालं. सिंधमध्ये ऑगस्टमध्ये तुलनेने शांतता होती. हैदराबादेत 17 डिसेंबर 1947 ला आणि कराचीत 6 जानेवारी 1948 ला हिंसा झाली, आणि त्यानंतर निघणाऱ्यांची रीघ लागली. कराचीहून बोटीनं मुंबईला किंवा काठियावाडच्या बंदरांवर, नाहीतर हैदराबाद-मीरपूरखासवरून खोखरापार-मुनाबाव मार्गे रेल्वेनं मारवाडात, असे मुख्य रस्ते होते.

याचा थेट परिणाम मुलाखतीवर होतो. सिंधी आजी म्हणतात, ‘आमच्याकडे काही झालंच नाही,’ आणि पंजाबच्या प्रेतांनी भरलेल्या गाड्यांची चित्रं डोक्यात घेऊन आलेला मुलाखतकार हिरमुसतो. कधी कधी आजींनाच अपराधी वाटतं की आपल्याकडे सांगण्यासारखं नाही, मग त्या दुसऱ्या कोणाची तरी रक्तपाताची हकिकत सांगू लागतात. ‘काही झालं नाही’ हेच नीट उलगडा. मग एवढं भरलेलं घर का सोडलं? कोण घाबरलं, कोण नको म्हणालं? भारतातून आलेले मुहाजिर, म्हणजे मुस्लिम निर्वासित, आपल्या गल्लीत राहायला आले तेव्हा त्यांच्याशी बोलणं झालं का? बंदरावर सामान उघडून काय काढून घेतलं? परत येऊ असं वाटत होतं का, आणि तसं वाटणं कधी थांबलं? सिंधी विस्थापनाचा गाभा या प्रश्नांत आहे.

तारखांची एक पट्टी करून प्रत्येक मुलाखतकाराच्या वहीत चिकटवा. कोणी ‘सन किती’ असं आठवत नाही. लोकांना सण आणि धक्के आठवतात. 1947 ची ईद 18 ऑगस्टला होती, दसरा 24 ऑक्टोबरला, दिवाळी 12 नोव्हेंबरला. सप्टेंबरच्या अखेरीस पंजाबात मोठे पूर आले आणि पायी निघालेले काफिले त्यात सापडले. ‘नदी भरून आली होती’ असं कोणी म्हणालं की महिना जवळपास ठरतो. गांधीजींचा खून 30 जानेवारी 1948 चा. सिंधींसाठी हा सगळ्यात उपयोगी टप्पा आहे, कारण ‘ती बातमी तुम्हाला कराचीत कळली, बोटीत कळली की इकडे आल्यावर?’ याचं उत्तर जवळजवळ सगळे देऊ शकतात. जुलै 1948 पासून पश्चिम पाकिस्तानातून यायला परवाना लागू लागला आणि ऑक्टोबर 1952 पासून पासपोर्ट. म्हणून परवान्यासाठी खेपा घातल्याची आठवण असेल तर ते 1947 मध्ये आलेले नसणार.

वसाहतीचा इतिहासही आधी वाचून जा. कल्याणजवळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी निर्वासितांना दिली गेली, आणि 8 ऑगस्ट 1949 ला तिचं उल्हासनगर झालं. त्यामुळे ‘आम्ही 48 साली उल्हासनगरला आलो’ हे वाक्य कागदावर चूक आणि अर्थाने बरोबर आहे. ते दुरुस्त करू नका, फक्त टीप लिहा. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 पासून पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर तिथे सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर उभं राहिलं. पिंपरी, चेंबूर, मुलुंड, देवळाली, प्रत्येक ठिकाणचा क्रम वेगळा. बराकीचा क्रमांक, दोन कुटुंबांमध्ये आडोशाला गोणपाट होतं की साडी, नळ कुठे, शिधा कधी बंद झाला, घरातली पहिली कमाई कोणाची आणि कशातून, हे प्रश्न तुमच्या गावच्या नावानिशी विचारता आले पाहिजेत. अनुभव असा की लोक 1947 वर जितकं बोलतात, त्याहून जास्त आणि ताजं 1948 ते 1955 वर बोलतात, आणि तेच कोणी विचारलेलं नसतं. दोन तासांच्या मुलाखतीत निदान पाऊण तास या वर्षांसाठी राखा.

पहिल्या भेटीत यंत्र नेऊ नका. अर्धा तास बसा, काम काय आहे ते सांगा, प्रकृती आणि औषधांच्या वेळा पाहा, ऐकायला कमी येतं का ते बघा, कोणत्या भाषेत बोलायला आवडेल ते विचारा. सिंधी येत नसेल तर सिंधी येणारी व्यक्ती बरोबर असू द्या. हिंदीत बोलताना माणूस सभेत बोलल्यासारखा बोलतो. आईबद्दल बोलायची वेळ आली की भाषा आपोआप बदलते, आणि नेमकं तिथेच मुलाखतकाराला काही कळत नाही. कागदपत्रं आहेत का, हेही याच भेटीत विचारा, म्हणजे मुलाखतीच्या दिवशी ती शोधून ठेवलेली असतात.

संमती दोनदा घ्या. मुलाखतीआधी फक्त ध्वनिमुद्रणाची. नंतर, ऐकून झाल्यावर, वापराची. बोलण्याआधीच सगळ्या वापराची सही घेणं हा या कामातला नेहमीचा आळस आहे. आपण काय बोलून जाऊ हे त्या माणसाला तेव्हा ठाऊकच नसतं. दुसऱ्या पत्रकात वेगवेगळ्या ओळी हव्यात: संग्रहात ठेवणं, अभ्यासकांना ऐकू देणं, नावासह प्रकाशित करणं, नाव बदलून प्रकाशित करणं, इंटरनेटवर टाकणं, छोट्या चित्रफिती करणं. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. काही भाग दहा-वीस वर्षं बंद ठेवण्याची आणि पुढे संमती मागे घेण्याची सोय लिहा. पत्रक वाचून दाखवा आणि ते वाचन ध्वनिमुद्रित करा. स्मृतिभ्रंशाची लक्षणं असतील तर घरच्यांच्या सहीवर मुलाखत उरकू नका. तशी व्यक्ती बोलू इच्छित असेल तर ती फीत त्या कुटुंबासाठी करून द्या, संग्रहात घेऊ नका.

यंत्रांवर फार खर्च नको. एक साधा रेकॉर्डर आणि कपड्याला लावायचा माइक पुरतो. फोन वापरलात तरी बाहेरचा माइक लावा. फाइल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. एका माइकच्या एका तासाला सुमारे 520 एमबी जागा लागते. मेसेजिंग अॅपवरची व्हॉइस नोट चालणार नाही, तिच्यात आवाज इतका दाबला जातो की वृद्ध माणसाचं पुटपुटणं हरवतं. माइक तोंडापासून वीतभर खाली लावा. पदर, माळ किंवा शालीची किनार त्यावर घासत नाही ना ते बघा. पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या पट्टीवर उणे 12 डेसिबलच्या आसपास थांबेल. पंखा बंद करता येत नसेल तर सर्वांत कमी वेगावर ठेवा आणि माइकची पाठ त्याच्याकडे करा. फ्रिज, कुकरची शिट्टी, बांगड्या, ऑक्सिजनचं यंत्र हे सगळं बसायची जागा निवडतानाच ऐका. एक मिनिट मुद्रण करून हेडफोनने परत ऐकल्याशिवाय सुरुवात करू नका. दुसरा फोन राखीव म्हणून चालू ठेवा. चित्रीकरण पहिल्या बैठकीत टाळलेलं बरं, कॅमेरा दिसला की तयार गोष्ट आणखी तयार होते. नकाशा, वस्तू आणि हातांच्या खुणा दुसऱ्या बैठकीत टिपता येतात.

बैठक एका वेळी साठ ते नव्वद मिनिटांची, शक्यतो सकाळी नाश्त्यानंतर. एकच मुख्य मुलाखतकार, दुसरा नोंदी घेणारा. ‘हो, हो’, ‘अरे बापरे’ असं तोंडाने म्हणू नका, मान हलवा; फितीवर तुमचा हुंकार त्यांच्या शब्दावर बसतो. शांतता पडली की मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक चांगली वाक्यं सातव्या-आठव्या सेकंदानंतर येतात, आणि नवशिका तिसऱ्या सेकंदाला पुढचा प्रश्न टाकून मोकळा होतो.

घरच्यांचं काय करायचं हा प्रश्न मोठा आहे. मुलगा बाजूला बसतो आणि उत्तरं तोच देतो: ‘पपा, सांगा ना ती गोष्ट, तलवारीची.’ नवरा-बायको एकत्र असतील तर बायको पाणी आणायला उठते ती परतच येत नाही. आधी प्रत्येकाची स्वतंत्र बैठक घ्या, मग हवं तर सगळ्यांची एकत्र. एकत्र बैठकीत कोण कोणाला दुरुस्त करतं, कोणत्या वाक्यावर सगळे गप्प होतात, यातून घराची स्मृती कशी घडली ते कळतं. पण ती आधी घेतली तर सगळ्यांची गोष्ट एकच होऊन जाते. स्त्रियांची मुलाखत शक्यतो स्त्रीने, बंद खोलीत किंवा गच्चीवर, आणि दुपारी घर रिकामं असताना घ्यावी.

हिंसेबद्दल थेट विचारू नका. दार उघडं ठेवा. ‘तेव्हाचं असं काही आहे का, जे सांगावंसं वाटतं किंवा सांगू नये असं वाटतं?’ इतकं पुरे. स्वतःच्या बाजूच्या लोकांनी काय केलं हे कोणी आपणहून सांगत नाही. त्यासाठी आडवळणाचा पण प्रामाणिक प्रश्न आहे: ‘तुम्ही ज्या घरात राहायला आलात, तिथे आधी कोण राहत होतं? ते कुठे गेले?’ पंजाबातून आलेल्या कुटुंबांना हा प्रश्न हमखास लागू पडतो.

पळवून नेलेल्या स्त्रियांबाबत मात्र नियम कडक ठेवा. दोन्ही देशांनी डिसेंबर 1947 मध्ये त्यांच्या शोधाचा करार केला, भारतात 1949 मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि तो 1957 पर्यंत चालला. दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे 30,000 स्त्रिया परत पाठवल्या गेल्या, त्यांतल्या काही त्यांच्या इच्छेविरुद्ध. अशा स्त्रियांच्या मुलांना-नातवंडांना बहुतेकदा काही सांगितलेलं नसतं. कोणी शेजारणीबद्दल, आत्याबद्दल असं काही बोललं तर नाव, गाव, नातं प्रकाशित प्रतीतून काढून टाका, सांगणाऱ्याने संमती दिली असली तरी. संमती त्याने स्वतःबद्दल दिलेली असते, आत्याबद्दल देण्याचा अधिकार त्याला नाही. अब्रू वाचवण्याच्या नावाखाली झालेल्या घरच्याच स्त्रियांच्या मृत्यूंचंही तसंच. रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोआ खालसा गावात मार्च 1947 मध्ये स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या, आणि अशा घटना बहुतेक पुरुषांच्या तोंडून, हौतात्म्याच्या भाषेत सांगितल्या जातात. ती भाषा खोडू नका, तिच्यात स्वतःची भरही घालू नका. ‘हे कोणी ठरवलं? तेव्हा तिथे आणखी कोण होतं?’ एवढंच शांतपणे विचारा.

रडू आलं तर यंत्र बंद करायला धावू नका आणि चालूही गुपचूप ठेवू नका. विचारा, ‘थांबूया का?’ अनेक जण नाही म्हणतात. पण बैठक अशा जागी संपवू नका. शेवटची पंधरा मिनिटं छावणीतलं लग्न, पहिलं दुकान, मुलांची शाळा अशा पायाखालच्या जमिनीवर आणा. दुसऱ्या दिवशी फोन करा. ‘रात्री झोप लागली नाही’ असं ऐकायला मिळालं तर घरच्यांना सांगा आणि पुढची बैठक दोन आठवड्यांनी ठेवा. मुलाखत घेणाऱ्यानेही एका दिवसात अशा दोन बैठका घेऊ नयेत.

आता विश्वासाचा प्रश्न. सांगणाऱ्याला खरं-खोटं ठरवायला बसलात तर काम बिघडतं, आणि सगळं जसंच्या तसं इतिहास म्हणून छापलंत तरी बिघडतं. प्रत्येक महत्त्वाच्या विधानापुढे मुलाखतीच्या सूचीत (ती कशी करायची ते पुढे येईल) एक खूण घाला: स्वतः पाहिलं, घरात ऐकलं, की नंतर कळलं. बैठकीत हे लगेच विचारलं तर उलटतपासणी वाटते. दुसऱ्या बैठकीत विचारा. ‘प्रेतांनी भरलेली गाडी आली’ हे वाक्य शेकडो मुलाखतींत येतं. ज्यांनी ती पाहिली त्यांना फलाट, वास, कोणी मागे ओढलं ते आठवतं. ज्यांनी ऐकली त्यांना फक्त गाडी आठवते.

काही वेळा न पटणारी आठवणच खरी निघते. 15 ऑगस्टला पुढे पूर्व पाकिस्तानात गेलेल्या खुलन्यात भारताचा तिरंगा होता, आणि पुढे भारतात आलेल्या मालदा-मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा, असं कोणी सांगितलं तर ते भ्रमिष्ट नाहीत. सीमा ठरवणारा रॅडक्लिफ निवाडा 17 ऑगस्टला जाहीर झाला, तोपर्यंत त्या जिल्ह्यांत अंदाजाने झेंडे लागले होते.

उलट बाजूला, चुकलेली आठवणही कामाची असते. इटलीतल्या तेर्नी शहरात मार्च 1949 मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत एक तरुण कामगार मारला गेला. पुढे अनेक कामगारांनी तो मृत्यू 1953 च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाल्याचं सांगितलं. किरकोळ निमित्ताने गेलेला जीव त्यांनी मोठ्या लढ्याच्या नावे लावला होता. फाळणीत हेच 15 ऑगस्टच्या बाबतीत होतं. 1948 मध्ये निवांत बोटीने आलेले लोकही ‘15 ऑगस्टला रातोरात निघालो’ म्हणतात. त्यांना विचारा की बोटीत सामान किती होतं. तीन पेट्या, भांडी आणि शिवणयंत्र असेल तर ‘रातोरात’ हा शब्द बाकी सगळ्या नुकसानाचं वजन उचलतो आहे. मूळ वाक्य तसंच ठेवा, शेजारी टीप द्या.

कागदपत्रांनी पडताळणी करता येते, पण कागदांचीही एक बाजू असते. 1950 च्या दावे कायद्याखाली मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवले गेले आणि 1954 च्या कायद्याखाली भरपाई दिली गेली. भरपाई कापून मिळणार हे माहीत असल्यामुळे फुगवलेले दावे बरेच होते. तेव्हा दाव्याचा कागद म्हणजे मालमत्तेचा पुरावा नव्हे, त्या कुटुंबाने सरकारला काय सांगितलं याचा पुरावा. पंजाबी कुटुंब ‘मुरब्बे’ सांगतं तेव्हा कालव्याच्या वसाहतींतला एक मुरब्बा साधारण 25 एकर, हे ध्यानात ठेवा; मिळालेली जमीन मोठ्या खातेदारांना फार जास्त कपात होऊन मिळाली होती.

आणि ज्यांच्याकडे दावा करण्यासारखं काही नव्हतंच, ते या कागदांत नाहीत. भाडेकरू, शेतमजूर, सफाई कामगार. कराचीतल्या दलित सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली निघू दिलं जात नव्हतं; डिसेंबर 1947 मध्ये डॉ. आंबेडकरांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून हा प्रश्न मांडला होता. तुमच्या यादीत पहिली दहा नावं समाजाच्या पंचायतीच्या अध्यक्षांनी सुचवली असतील, तर ती दहाही दुकानदारांची असण्याची शक्यता दाट आहे. यादी थांबवा आणि बराकीच्या मागच्या ओळीत विचारा.

यादी समाजाबाहेरही न्या. छावणीभोवतीच्या गावांतल्या जुन्या लोकांना विचारा की ही माणसं आली तेव्हा त्यांना काय दिसलं, पाणी आणि जमीन यांवरून काय झालं. ज्यांचे भाऊ कराचीला गेले आणि जे इथे राहिले, त्या मुंबईतल्या आणि कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांकडे पत्रं आणि तुटलेल्या लग्नांच्या हकिकती असतात. इव्हॅक्युई प्रॉपर्टी कायद्याचा (पाकिस्तानात गेलेल्यांची मालमत्ता सरकारच्या ताब्यात घेणाऱ्या) फटका बसलेली घरंही असतात. गडचिरोलीच्या मुलचेरा-चामोर्शी भागातले बंगाली लोक पूर्व पाकिस्तानातून आलेले. त्यांना ‘1947 ला काय झालं?’ विचाराल तर हाती काही लागणार नाही, कारण पूर्वेकडून लोक 1950, 1964, 1971 अशा लाटांनी येत राहिले. तिथे प्रश्न असा: ‘तुमचं कुटुंब कोणत्या वेळी निघालं, आणि आधीच्या लाटेत का नाही निघालं?’

कागद आणि फोटो घरीच स्कॅन करा, 600 डीपीआय, पुढून आणि मागून. फोटोच्या मागच्या दोन शब्दांत कधी कधी गावाचं नाव सापडतं. मूळ कागद ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेऊ नका. जुनी सिंधी पत्रं अरबी वळणाच्या लिपीत असतात, व्यापाऱ्यांच्या वह्या हटवाणिका लिपीत; घरातल्या तरुणांना दोन्ही वाचता येत नाहीत. म्हणून आजोबांना ती मोठ्याने वाचायला सांगा आणि ते वाचन मुद्रित करा. पुढच्या पाच वर्षांत हे करणारं कोणी उरणार नाही.

लिप्यंतराला, म्हणजे ऐकून शब्दशः लिहून काढायला, वेळ किती लागतो याचा अंदाज सगळ्यांचा चुकतो. एका तासाच्या मुद्रणाला सहा ते आठ तास, सिंधी-हिंदी-मराठी मिसळ असेल तर दहासुद्धा. त्यामुळे आधी सूची करा: दर पाच मिनिटांना दोन ओळी, आलेली माणसं, गावं, वर्षं. सूची असेल तर लिप्यंतर पुढच्या वर्षी झालं तरी चालतं. सूची नसेल तर फीत कोणीच ऐकत नाही. देवनागरीत सिंधी लिहिताना खाली रेघ असलेली ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरं असलेला फॉन्ट घ्या. भाषा शुद्ध करू नका, ‘आम्ही तिकडे गेला’ हे तसंच ठेवा. गावाचं नाव ते म्हणतात तसं, कंसात आजचं: लायलपूर (आता फैसलाबाद), माँटगोमेरी (आता साहिवाल), नवाबशाह जिल्हा (आता शहीद बेनझीराबाद). हैदराबाद आलं की सिंधचं की दक्षिणेचं, ते प्रत्येक वेळी लिहा.

फायलींची नावं रोमन अक्षरं आणि आकड्यांत, व्यक्तीचं नाव न घालता. नाव आणि क्रमांक जुळवणारी वही वेगळी, कुलपात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. चेकसम (फाइल बदलली-बिघडली नाही ना ते दाखवणारा आकडा) काढून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पडताळा. हार्ड डिस्क न वाजता मरते. गटातली माणसं लग्न-नोकरीने पांगतात, म्हणून पहिल्या वर्षातच एखाद्या विद्यापीठाच्या किंवा मोठ्या ग्रंथालयाच्या संग्रहाशी लेखी करार करा. त्यात बंद ठेवायच्या भागांच्या अटी शब्दशः हव्यात.

प्रसिद्धीची घाई नको. 2021 पासून 14 ऑगस्ट हा विभाजन विभीषिका स्मृती दिवस म्हणून पाळला जातो, आणि जुलैच्या शेवटापासून मागण्या येऊ लागतात: ‘दोन मिनिटांचं काहीतरी हृदयद्रावक आहे का?’ दोन तासांच्या मुलाखतीतून हिंसेची चाळीस सेकंदं कापून दिली की ती कोणत्याही समाजाविरुद्ध, कोणत्याही मथळ्याखाली फिरते, आणि ज्यांचा आवाज आहे त्यांना ती नातवाच्या फोनवर दिसते. छोट्या फितीची संमती वेगळी घ्यायची ती यासाठी. फीत देताना तिच्या आधीची आणि नंतरची निदान दोन मिनिटं तिच्यातच ठेवा. शेजाऱ्याने लपवून ठेवल्याचा प्रसंग बहुधा तिथेच असतो. शक्य तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात नव्या मुलाखतीही घेऊ नका. त्या दिवसांत पडद्यावर जे दिसतं ते आठवणीत मिसळून येतं.

कुटुंबाला पूर्ण फितीची प्रत आणि सूची महिन्याभरात पोचवा, आणि पोचवायला स्वतः जा. सूची वाचताना ज्येष्ठ ‘हे नाव चुकलं’, ‘हे मी असं म्हणालो नव्हतो’ असं सांगतात. तेव्हा रेकॉर्डर पिशवीत तयार असू द्या. दुसरी बैठक, जिच्यात नेमके प्रश्न विचारता येतात, ती बहुतेक तिथेच सुरू होते.